जुडग्यातली सही

तुमची सही या क्षणी कुणाच्या खिशात आहे?

हसू नका. पेनानं कागदावर करता त्या सहीबद्दल मी विचारत नाही. ती तुमच्या हातात आहे आणि हात तुमच्यापाशी आहे. मी विचारतेय ती आजची सही. मोबाईलवर येणारा ओटीपी, बँकेच्या ॲपचा पिन, सरकारी पोर्टलचा पासवर्ड. ती कुणाकडं आहे? मुलाकडं? पुतण्याकडं? झेरॉक्सवाल्याकडं? नीट आठवून सांगा. मी थांबते. थांबायची मला सवय आहे. मी प्रौढांना संगणक शिकवते.

कोल्हापुरात खाली चहाचं दुकान आणि वर आमचा वर्ग आहे. सकाळी कॉलेजची पोरं येतात. त्यांना आमचे मालक स्वतः शिकवतात, कारण त्यांना काही शिकवावं लागत नाही. संध्याकाळची बॅच माझी. मी अजून तिशीत पोचले नाही आणि माझ्या बॅचमधला सर्वांत तरुण विद्यार्थी माझ्यापेक्षा मोठा असतो. शिरोली एमआयडीसीतले सुपरवायझर येतात, ज्यांना साहेबांनी सांगितलंय की आता रिपोर्ट वहीत चालणार नाही. दुकानदार येतात, ज्यांना जीएसटीचं बिल काढायचं असतं. घरी शिवणकाम करणाऱ्या बायका येतात. पहिला आठवडा माउस धरण्यात जातो. ज्याचं आयुष्य फाउंड्रीत गेलं, तो माणूस माउस असा धरतो की सोडला तर पळून जाईल. मग टायपिंग, तक्ते, ईमेल, बिलं आणि शेवटी सरकारी पोर्टलं. अभ्यासक्रमात अक्षर ठळक कसं करायचं याला एक अख्खं प्रकरण आहे. पासवर्डला अर्धं पान आहे. हा अभ्यासक्रम ज्यांनी बनवला त्यांना अक्षरं फार आवडत असावीत.

माझे बाबा शिरोलीतल्या एका फाउंड्रीत होते आणि युनियनमध्ये होते. दुसरं जास्त होते. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मी पत्रकांवरच वाचायला शिकले. त्यामुळं बरीच वर्षं माझी अशी समजूत होती की कुठलंही लिखाण 'बहुसंख्येनं सामील व्हा' असंच संपतं. ती अजून पूर्ण गेलेली नाही, हे शेवटी तुमच्या लक्षात येईल.

ती पत्रकं छापायचे इस्माईलचाचा. त्यांचा छोटा छापखाना होता. शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, जुळवण्यापासून सुरुवात केलेला माणूस. आता मजकूर संगणकावर जुळतो आणि तो जुळवणारा मुलगा वेळेवर येत नाही, म्हणून वयाच्या सत्तरीत चाचा माझ्या बॅचला आले. पहिल्याच दिवशी मला ओळखून म्हणाले, "तू त्या युनियनवाल्याची पोरगी ना? तुझ्या बाबांनी लई त्रास दिलाय, बेटा. त्यांच्या पत्रकात प्रत्येक ओळीला उद्गारचिन्ह. माझ्याकडचे खिळे संपायचे. मग शेजारच्या छापखान्यातनं उसने आणायचे."

"आता संगणकावर कितीही मिळतात, चाचा."

"तेच वाईट झालं," चाचा म्हणाले.

पासवर्डचा धडा मी अर्ध्या पानाऐवजी पूर्ण आठवडा शिकवते. पहिल्या बॅचला मी फळ्यासमोर उभी राहून म्हणाले होते, "पासवर्ड ही तुमची स्वतःची गोष्ट आहे. तो कुणालाही सांगायचा नाही. घरातल्या माणसालाही नाही." मग मागच्या बाकावरून तानाजीअण्णा उभे राहिले. अण्णा शिरोलीला भट्टीवर सुपरवायझर आहेत. ते संगणकावरही भट्टीवर बोलल्यासारखंच बोलतात, म्हणजे मोठ्यानं.

"मॅडम, माझा पासवर्ड 'पैलवान' हाय. कुणाची अडचण झाली तर खुशाल वापरा."

मग एकेकानं उठून आपापला पासवर्ड जाहीर केला. काहींचा अंबाबाईच्या नावाचा होता, उरलेल्यांचा म्हशीच्या नावाचा. मी म्हटलं, असं करू नका. अण्णांना ते लागलं.

"आमच्यात च्या बी कुणी एकट्यानं पीत न्हाई. आन् पासवर्ड एकट्यानं ठिवू व्हय? ह्या सगळ्यांनी काय म्हणायचं मला?"

आमच्या जिल्ह्यात एखादी गोष्ट लपवणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं. अण्णा आजही एटीएमच्या रांगेत पुढच्याला आपला पिन ओरडून सांगतात. त्यांचं अजून काही गेलेलं नाही. मला वाटतं, चोरांनाही संकोच वाटत असावा.

दुसरी अडचण खंडेनवमीची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ज्याचं पोट ज्या हत्यारावर, त्यानं त्या हत्याराची पूजा करायची, ही रीत तुम्हाला माहीत आहे. आमच्या वर्गाचं हत्यार संगणक. पहिल्या वर्षी पूजेचा मान अण्णांनी मागून घेतला. त्यांनी कीबोर्डच्या एकेका बटणाला हळदकुंकू लावलं, एकही बटण वगळलं नाही, आणि मग फूल तांब्यात बुडवून मशीनच्या मागच्या जाळीवर श्रद्धेनं पाणी शिंपडलं. मशीन चालू होतं. फाट् असा आवाज झाला. अण्णा म्हणाले, "पावलं!"

तेव्हापासून दर वर्षी नवरात्र सुरू झालं की मी एक जादा तास घेते. त्यात एकच गोष्ट शिकवते: विजेवर चालणाऱ्या वस्तूला पाणी लावायचं नाही, आणि लागलंच तर पूर्ण वाळल्याशिवाय ती जोडायची नाही. गेल्या वर्षी हा तास पहिल्या बाकावर बसून सर्वांत लक्ष देऊन ऐकला तो शोभाताईंनी. त्यांचीच गोष्ट मला सांगायची आहे.

शोभाताई कसबा बावड्याच्या पलीकडच्या एका गावच्या सरपंच. गावाचं नाव सांगत नाही. तुमच्या गावाचं घातलंत तरी बहुधा चालेल. जागा महिलांसाठी राखीव झाली म्हणून ताई उभ्या राहिल्या, निवडून आल्या, आणि त्या दिवसापासून गाव त्यांच्या नवऱ्याला सरपंच म्हणायला लागलं. नवऱ्याचं नाव बाजीराव. माणूस वाईट नाही. ताईंना मोटारसायकलवरून आणून सोडायचे, तास संपेपर्यंत खाली चहाच्या दुकानात बसायचे आणि गुऱ्हाळ सुरू झालं की सगळ्या बॅचसाठी ताजा गूळ आणायचे. वर्गाला घातलं तेही त्यांनीच. मला म्हणाले होते, "मॅडम, लई काय शिकवू नगा. सर्टिफिकेट तेवढं झकास द्या. पंचायतीत फ्रेम करून लावायचंय."

इथं बाहेरच्या माणसासाठी थोडं थांबून सांगते. हल्ली ग्रामपंचायतीचं बिल चेकवर सही करून निघत नाही. संगणकावर दोन सह्या लागतात, आधी ग्रामसेवकाची, मग सरपंचाची. ही डिजिटल सही एका बोटाएवढ्या किल्लीत असते. दिसायला पेन ड्राइव्ह. तिला सगळे डोंगल म्हणतात. ती संगणकाला जोडायची, पिन टाकायचा, सही झाली. कायद्याच्या दृष्टीनं ती हातानं केलेल्या सहीइतकीच खरी. उद्या काही निघालं तर ज्याच्या नावाची किल्ली, त्याची मान.

शोभाताईंच्या नावाची किल्ली बाजीरावांच्या कमरेला होती. मोटारसायकलची किल्ली, घराची, मोटारपंपाच्या पेटीची आणि बायकोची सही, सगळं एका जुडग्यात. पिन होता मोटारसायकलचा नंबर.

सरकारी पोर्टलांच्या धड्यात मी प्रत्येकाला आपल्या कामाचं एक पान उघडायला सांगते. अण्णा दर बॅचला नव्यानं येतात; त्यांनी प्रॉव्हिडंट फंडाचं उघडलं. ताईंनी आपल्या पंचायतीचं उघडलं, जिथं गावातली कामं कुणालाही बघता येतात. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. मग मला हाक मारली.

"मॅडम, हे वाचा बगू. मला चुकीचं दिसतंय काय?"

मी वाचलं. अंगणवाडीच्या छताची दुरुस्ती. काम पूर्ण. सोबत नव्याकोऱ्या पत्र्यांचा फोटो.

"बरोबर आहे की. छत झालंय."

"कुठलं झालंय? वादळात दोन पत्रं उडाल्यात ते अजून नाल्यात पडल्यात. माझ्या जावंची पोरगी जाती तिथं. सेविका पोरांस्नी देवळाच्या कट्ट्यावर घिऊन बसती. आन् हा फोटू आमच्या गावचा न्हाईच. आमच्या अंगणवाडीम्होरं चिंच हाय, हितं नारळ दिसतोय."

खाली एक ओळ होती. देयक सरपंचांच्या मान्यतेसाठी प्रलंबित.

"म्हंजी?"

"म्हणजे ग्रामसेवकाची सही झाली. आता फक्त तुमची राहिली. ती झाली की पैसे ठेकेदाराला जातील."

"माझी सही," ताई म्हणाल्या. खालून बाजीरावांच्या हसण्याचा आवाज येत होता. ठेकेदार त्यांचा दोस्त. दोघं एकाच बाकावर चहा पीत होते.

माझ्या डोक्यात लहानपणापासूनची सगळी पत्रकं एकदम फडफडली. मी तिथंच मजकूर लिहायला घेतला. 'जागे व्हा! आपल्या लेकरांच्या डोक्यावरचं छत कुणी खाल्लं!' चाचांनी खांद्यावरून वाचलं आणि म्हणाले, "बापाचं रक्त हाय. फुकट छापतो, बेटा. फक्त उद्गारचिन्हं थोडी कमी कर."

ताईंनी कागद वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला.

"मॅडम, राग मानू नगा. ह्ये लावलं तर गाव चार दिस बोलंल. आमचं मालक चार दिस जेवायचं न्हाईत. आन् पाचव्या दिशी सही त्यांच्याच कमरंला. मला पत्रक नगं. ती किल्ली त्यांच्याकडनं कशी काढायची त्ये सांगा."

"मागा की. तुमची आहे."

"दोनदा मागितली. 'तुला कशाला उगं ताप?' म्हणत्यात. रागानं न्हाई हो, मायेनं म्हणत्यात. त्येच वंगाळ. भांडता बी येत न्हाई."

मग मी शिक्षिकेसारखं सांगितलं. किल्ली हातात असेल आणि जुना पिन माहीत असेल तर पिन बदलता येतो. पण तेवढ्यानं भागत नाही, कारण किल्लीशी जोडलेला मोबाईल नंबरही बाजीरावांचाच. पिन बदलला तरी ते पुन्हा खटपट करू शकतात.

"आन् किल्ली बिघडलीच तर?"

"तर ती रद्द होते. नव्यानं अर्ज करावा लागतो. ज्याची सही, त्यानं स्वतः कॅमेऱ्यासमोर बसायचं, स्वतःचं नाव सांगायचं, स्वतःच्या मोबाईलवर आलेला आकडा वाचून दाखवायचा. नवा पिनही त्यानंच ठरवायचा."

"दुसऱ्या कुणी बसलं तर चालत न्हाई?"

"नाही."

"हं," ताई म्हणाल्या, आणि अक्षर ठळक करायच्या सरावाकडं वळल्या.

यानंतर तो पाण्याचा तास झाला. सरपंचांची सही कुठं करायची ते बाजीरावांना ग्रामसेवकच दाखवायचे आणि ते रजेवर होते, म्हणून बिल दसऱ्यानंतर मार्गी लागणार होतं. मला झोप लागत नव्हती. ताई मात्र रोज येत होत्या, पाठ करत होत्या, गृहपाठ दाखवत होत्या. एक दिवस त्यांनी स्वतःच्या नावावर सिमकार्ड घेतल्याचं सांगितलं. मला वाटलं, माहेरी बोलायला असेल.

बाजीरावांचा जुडगा वर्षात फक्त एका दिवशी कमरेवरून उतरायचा. खंडेनवमीला. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडली जातात. विळा, खुरपं, पाना, कोयता, किल्ल्या. मांडणं आणि पूजा बाईच्या हातची. पुढं काय झालं ते मला दसऱ्यानंतर पहिल्या तासाला कळलं. ताई आल्या आणि त्यांच्यामागून, पहिल्यांदाच जिना चढून, बाजीराव आले. हातात जुडगा होता.

"मॅडम, ह्ये बगा. काल पंचायतीत लावली तर फाट् झालं. कॉम्प्युटर बी गेला. आमच्या हिनं खंडेनवमीला हिला आंघोळ घातली!"

मी किल्ली हातात घेतली. आत दुधाचे पांढरे डाग वाळले होते. सांध्यात हळद होती.

"रीतच हाय की ती," ताई म्हणाल्या. "आंघोळ घातल्याबिगर पूजा कशी व्हायची? पंचामृत केलं, तांब्यात ठिवली, सकाळी काढून दिली. आता ओलीच खुपसली त्येला मी काय करू?"

"पटतंय," तानाजीअण्णा मागून म्हणाले. "माझं बी असंच झालतं."

मी बाकीच्या किल्ल्या बघितल्या. मोटारसायकलच्या किल्लीला कुंकवाचं बोट होतं. घराच्या किल्लीलाही. पंपाच्या पेटीच्या किल्लीलाही. आंघोळ मात्र सहीच्या किल्लीनं एकटीनंच केली होती. मी ताईंकडं बघितलं. ताई भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होत्या. शिकवलेलं विद्यार्थ्याच्या डोक्यात किती राहिलं हे प्रत्येक वेळी तपासायचं नसतं.

"आता काय करायचं?" बाजीरावांनी विचारलं.

"नवीन काढावी लागेल. ताईंना कॅमेऱ्यासमोर बसावं लागेल."

"बसंल की. चला, आत्ताच करू."

अर्ज रीतसर झाला, आणि ओळख तपासायच्या दिवशी दोघं आमच्या वर्गात आले, कारण पंचायतीचा संगणक अजून दुरुस्तीला होता. मी ताईंना खुर्चीत बसवलं. पलीकडून एका मुलीचा आवाज आला. तिनं नाव विचारलं.

"शोभा बाजीराव..." बाजीरावांनी सुरुवात केली.

"सर, अर्जदारानं बोलायचंय. पुन्हा घेऊ या."

दुसऱ्या वेळी ते बोलले नाहीत, फक्त ताईंच्या खांद्यामागं उभे राहून मान डोलवत राहिले. मुलगी म्हणाली, "मागं कुणीतरी आहे. फ्रेममध्ये एकच व्यक्ती पाहिजे."

"अवो मी नवरा हाय त्यांचा!"

"सर, प्लीज बाजूला व्हा."

"पावणं," इस्माईलचाचा आपल्या जागेवरून म्हणाले, "या हिकडं. माझ्याजवळ बसा. तुम्हाला ठळक अक्षर शिकवतो."

बाजीराव जाऊन बसले. ताईंनी पदर सावरला, कॅमेऱ्याकडं सरळ बघितलं आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं. मोबाईल पदरातून निघाला, नवा, स्वतःच्या नंबरचा. त्यावर आलेला आकडा त्यांनी एकेक अंक सुटा करून वाचला, पहिलीत पाढे म्हणावेत तसा. पलीकडची मुलगी म्हणाली, "थँक यू मॅडम, झालं."

"एवढंच?" ताई म्हणाल्या.

नवी किल्ली आली ती ताईंच्या नावानं, ताईंच्या हातात. बाजीरावांनी सवयीनं जुडगा पुढं केला. ताई म्हणाल्या, "र्‍हाऊ दे. तुमच्या कमरंला आधीच लई वजन झालंय." आणि ती मंगळसूत्राच्या दोऱ्यात अडकवून पोलक्यात टाकली. तिथून ती मागायची कशी, हे बाजीरावांना अजून सुचलेलं नाही.

ग्रामसेवकांनी फोन केला. ताईंनी सांगितलं, आधी छताचे पत्रे दाखवा. ठेकेदारानं बाजीरावांना सांगितलं, बाजीरावांनी ताईंना सांगितलं, ताईंनी पुन्हा तेच सांगितलं. त्या गावात सरपंच म्हणजे शोभाताई, हे तेव्हा लोकांना कळलं. आठवडाभर कुणी काही केलं नाही. मग एका सकाळी ट्रॅक्टरमधून पत्रे आले. ताई शिडीवरून चढून प्रत्येक पत्र्याला हात लावून आल्या आणि चिंचेसकट फोटो काढला. ठेकेदाराला त्याचे पैसे मिळाले. कुणाला शिक्षा झाली नाही. माझ्यातल्या पत्रकवालीला हे अजून सहन होत नाही. तो कागद मी जपून ठेवलाय, उद्गारचिन्हांसकट. पण जावेची पोरगी छताखाली बसते, आणि माझ्या कागदानं ते झालं नसतं, हेही मला लिहिलं पाहिजे.

मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ताईंच्या आधी माझ्या वर्गातून कितीतरी बायका सर्टिफिकेट घेऊन गेल्या. त्यांना मी ठळक अक्षर शिकवलं. खाली चहाच्या दुकानात त्यांची सही कुणाच्या कमरेला बसली होती, हे मी विचारलंच नव्हतं. अभ्यासक्रमात नव्हतं.

अंगणवाडीच्या बिलावरची ती सही ताईंनी आमच्या वर्गातच केली. पहिलीच वेळ होती, चुकलं तर मॅडम जवळ असाव्यात म्हणून. सगळी बॅच भोवती गोळा झाली. बाजीरावही आले होते, गूळ घेऊन. ताईंनी किल्ली जोडली. पडद्यावर पिनचा चौकोन उघडला. त्यांनी पदराचा आडोसा केला आणि मान वर करून म्हणाल्या, "तिकडं बगा समद्यांनी."

बाजीराव भिंतीकडं वळले. चाचा खिडकीकडं वळले. तानाजीअण्णांनी डोळे मिटून वर हातही ठेवले. मी मात्र तशीच उभी होते. मी शिक्षिका आहे, मला काय.

"मॅडम," ताई म्हणाल्या, "तुमी बी."

मी वळले. मागं बटणांचा आवाज आला, सावकाश, एकेक. मग ताई म्हणाल्या, "हां. झालं."

तर आता तुमच्याकडं एक मागणं आहे. हा अंक खाली ठेवा, उठा आणि तुमच्या कमरेचा जुडगा बघा, फोनमधली ॲप बघा, डोक्यात पाठ असलेले आकडे आठवा. त्यात बायकोची, आईची, बहिणीची, सुनेची सही सापडली, तर ती आजच काढून तिच्या हातात द्या. 'तुला कशाला ताप' म्हणू नका. तिला नवा पिन टाकायला सांगा. आणि ती तो टाकत असेल, तेव्हा कृपया तिकडं बघा.